तांबी नव्हे, मिरेना

धाकटी दीड वर्षाची झाली तेव्हा मी मिरेना, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ते हार्मोनचं छोटं साधन, बसवून घेतली. पाळीत आधीच अंगावरून फार जायचं, म्हणून डॉक्टर तांबीला नको म्हणाल्या; तिने रक्तस्राव वाढू शकतो. मिरेना काडेपेटीतल्या काडीहून छोटी, आत ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन. ते गर्भाशयात रोज थोडं थोडं झिरपतं, अस्तर पातळ राहतं, गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो. बसवताना ओटीपोटात अशी कळ आली की मी सिस्टरांचा हात सोडलाच नाही. पुढे चार महिने अधूनमधून डाग पडायचे, त्याचा खरंच वैताग आला. आता तीन वर्षं झाली, पाळी जवळजवळ येतच नाही.

सासूबाईंना काळजी, "अगं, आत साठत तर नसेल ना?"

"नाही हो आई, अस्तरच फारसं वाढत नाही, तर साठणार काय?"