आधी रक्त तपासा, मग बी१२चं इंजेक्शन घ्या

रक्ताच्या रिपोर्टवर बी१२ या जीवनसत्त्वापुढे ११८ हा आकडा होता आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘लो’. आमच्या लॅबच्या कागदावर २११ ते ९११ ही नेहमीची पातळी छापलेली असते. बरेच महिने तळपायांना मुंग्या येत होत्या, जिना चढताना दम लागत होता, जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती आणि तिखट अजिबात सोसत नव्हतं. मी पुण्यात राहते, पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

घरात आणि ऑफिसात सगळ्यांचा सल्ला एकच होता: ताकदीचं इंजेक्शन घे, नाहीतर एक पिवळं सलाईन लावून घे, दोन दिवसांत तरतरी येईल. जवळच्या एका दवाखान्यात गेले तर नाडी बघितली, बीपी घेतलं आणि लगेच सिरिंज भरायला सुरुवात. कसलं इंजेक्शन आहे विचारलं तर उत्तर आलं, “मल्टिव्हिटॅमिन आहे हो, बरं वाटेल.” मी म्हटलं, आधी रक्त तपासू या. तिथून उठले आणि आमच्या ओळखीच्या एमडी मॅडमकडे गेले. हे सगळं लिहायला बसले ते त्या एका गोष्टीसाठीच. बी१२चं इंजेक्शन घेतलं की रक्तातली पातळी एकदम वर जाते, लॅबचा आकडा कधीकधी २०००च्याही पुढे दाखवतो. मग कमतरता मुळात होती की नव्हती, किती होती, हे त्या रिपोर्टवरून कळायला मार्गच उरत नाही. माझ्या एका सहकारी ताईंचं नेमकं हेच झालं होतं. आधी इंजेक्शनं, मग तपासणी, आणि रिपोर्ट बघून त्यांना सांगितलं गेलं की तुम्हाला बी१२चा काही त्रास नाही. मुंग्या मात्र तशाच होत्या.

मॅडमनी तपासलं ते मला फार आवडलं. ट्यूनिंग फोर्क हातावर आपटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि म्हणाल्या, “थरथर थांबली की सांगा.” मी म्हटलं, थांबली. त्यांनी तोच फोर्क माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला, तो अजून चांगला थरथरत होता. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी एका बाजूला झुकले, त्यांनी खांद्याला धरलं. “मज्जातंतूंपर्यंत पोचलंय हे, आता टाळाटाळ नको,” एवढंच त्या बोलल्या आणि तपासण्या लिहून दिल्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, फॉलिक अ‍ॅसिड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर.

सीबीसीत एक गंमत कळली. बी१२ कमी पडलं की तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात आणि त्यांचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्हीचा आकडा १००च्या वर जातो. माझा एमसीव्ही अगदी नॉर्मल होता. कारण लोहही कमी होतं, आणि लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. दोन्ही कमतरतांनी मिळून सरासरी बरोबर नॉर्मलवर आणून ठेवली होती. आपल्याकडच्या बायकांमध्ये ही जोडी नेहमी सापडते, असं मॅडम म्हणाल्या. तेव्हा नुसत्या सीबीसीवर ‘सगळं ठीक आहे’ ऐकून घरी परतू नका.

कमी का झालं, हाही प्रश्न त्यांनी सोडला नाही. बी१२ फक्त जिवाणू तयार करतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, कुठल्याही भाजीत किंवा मोड आलेल्या कडधान्यात ते नसतं. स्पिरुलिनातही मुख्यतः शरीराला न चालणारं रूपच असतं. माझं दूध म्हणजे चहात पडेल तेवढंच. शिवाय पित्तासाठी मी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेत होते, ही गोळी पोटातलं आम्ल कमी करते. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, नंतर जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. या साखळीत कुठेही अडचण आली की ताटात असूनही मिळत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळेही शोषण घटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर कित्येक वर्षं काम केलं आहे. २००६ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात पुणे भागातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी साधारण दोन तृतीयांश जणांचं बी१२ कमी निघालं होतं. आपल्याच गावातली ही गोष्ट आहे आणि तरी घराघरात ती पोचलेली नाही, याची मला खरंच खंत वाटते.

मज्जातंतूंचा त्रास होता म्हणून गोळीवर न थांबता इंजेक्शनंच द्यायचं ठरलं. सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. मेथिलकोबालामिन म्हणजे बी१२चंच एक रूप, त्याची अँपूल गडद तपकिरी काचेची असते आणि खोक्यातच ठेवायची, कारण उजेडाने औषध खराब होतं. सिस्टर ती टिचकी मारून वरचं औषध खाली उतरवायच्या, मानेवरच्या ठिपक्यापाशी अंगठा लावून कट्‌कन मोडायच्या. सिरिंजमध्ये येणारं औषध कोकमाच्या आगळासारखं लालभडक. नवी सिरिंज माझ्यासमोरच पाकिटातून निघाली पाहिजे, हे मी प्रत्येक वेळी बघितलं आणि कोणाला त्याचा राग आला नाही. कमरेवर घेतलेलं थोडं चरचरतं, चालायला लागलं की कमी होतं. पहिल्या खेपेला अ‍ॅलर्जी येते का हे बघण्यासाठी थोडा वेळ बसवून ठेवलं होतं. असं क्वचितच होतं, पण बसावं.

डीसुद्धा कमी होतं. मी विचारलं, त्याचंही सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन देऊन टाका ना. मॅडम नाही म्हणाल्या. बी गटातली जास्तीची जीवनसत्त्वं बहुतेक लघवीवाटे निघून जातात, डी चरबीत साठून राहतं आणि फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. मला ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधातून घ्यायला सांगितली. बी गटातलंही सगळं बिनधोक नसतं. बी६ जास्त प्रमाणात बराच काळ घेतलं तर त्यानेच हातापायांना बधिरपणा येतो. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि बी१२अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. पिवळ्या सलाईनबद्दलही विचारून घेतलं. तो रंग, आणि नंतर लघवीला येणारा पिवळेपणाही, मुख्यतः बी२चा. ज्याला कमतरता नाही त्याला या सलाईनने ताकद मिळत नाही.

सुधारणा एकदम येत नाही. जिभेची आग सगळ्यात आधी थांबली. सुरुवातीला तर मुंग्या वाढल्यासारख्या वाटल्या आणि मी घाबरले, पण नसा सावरताना असं होऊ शकतं, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांच्या साथीने दोनेक महिन्यांत वर आलं. तळपाय सुधारायला बरेच महिने लागले. उजव्या अंगठ्याचं टोक अजूनही थोडं बधिर आहे. उशीर झाला तर काही भाग भरून येत नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलंय.

पँटोप्राझोल त्यांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झालं. महिन्याचं इंजेक्शनही थांबलंय, त्याऐवजी रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. इतक्या मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का जठरातल्या त्या प्रथिनाच्या मदतीशिवायही शोषला जातो आणि तेवढं पुरतं. घरी दही लावतेय आणि रोज वाटीभर खातेय.

आई बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतेय. तिचे पाय जड होतात ते वयामुळे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझा रिपोर्ट आल्यावर तिचंही रक्त दिलं. बी१२ १६० निघालं. मॅडमनी तिची साखरेची गोळी तशीच ठेवलीय आणि इंजेक्शनं लिहून दिली आहेत, सोमवारपासून सुरू करतोय.