ताडपत्री बांधताना कुठे कोणती गाठ

निरगाठींवर निरगाठी मारून बांधलेली ताडपत्री दिसली की माझा जीव कासावीस होतो. पाऊस उघडल्यावर ती सोडणार कशी? भिजून आवळलेली दोरी शेवटी कापावीच लागते, आणि दर वेळी ती वीतभर आखूड होत जाते. माझ्या मते ताडपत्रीची गाठ दोनच गोष्टींवर जोखावी: वाऱ्यात टिकते का आणि ओल्या हातांनी सुटते का.

माझ्या फळ्यांचा ढीग उघड्यावरच असतो, वर जाड ताडपत्री. तिच्या काठावरच्या भोकात बसवलेल्या कडीला मी कायम बोलाइन नावाची गाठ मारतो. हिचा फास ताणाखाली लहान होत नाही, आणि कितीही ओढ बसलेली असो, ताण काढून मागचा वेढा अंगठ्याने ढकलला की गाठ मोकळी. फक्त दोरी ताठर असेल तर फडफडीत ती सैल पडू शकते, म्हणून टोक दोरीच्या जाडीच्या निदान 12 पट लांब सोडावं.

खुंटीकडची गाठ मात्र वेगळी हवी. नायलॉन भिजलं की जास्त ताणलं जातं, त्यामुळे संध्याकाळी कडक बांधलेली ताडपत्री रात्रीच्या पावसात झोळ धरते. 1 चौरस मीटरच्या झोळात 5 सेंटीमीटर पाणी साचलं, तर ते 50 किलो होतं! हा सगळा भार चार-दोन कड्यांवर. म्हणून इथे टॉटलाइन हिच, म्हणजे सरकवता येणारी गाठ. दोरी खुंटीमागून परत आणायची, ताणलेल्या दोरीभोवती फासाच्या आत, खुंटीच्या दिशेने दोन वेढे घ्यायचे, मग फासाबाहेर, आधीचे वेढे जसे फिरवले तसाच फिरवत, आणखी एक वेढा घेऊन टोक त्याच्याखालून ओढायचं. हाताने सरकवली तर सरकते, ओढ बसली की धरून ठेवते. गुळगुळीत प्लास्टिकच्या दोरीला आत तिसरा वेढा द्या. पॉलिएस्टरची दोरी मिळाली तर उत्तमच, ती भिजून फारशी सैल होत नाही.

नुसती क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची साधी गाठ, खांबाला मारून निघून जाऊ नका. हिसक्यांनी ती सुटते. वर दोन अर्धे वेढे हवेतच, म्हणजे टोक ताणलेल्या दोरीभोवती फिरवून स्वतःच्याच खालून ओढायचं, असं दोनदा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे बांधताना डोक्यात असू द्या.

आणि कडीच फाटली तर? मला सगळ्यात आवडणारी युक्ती इथली. सुपारीएवढा गोल, गुळगुळीत खडा कोपऱ्याच्या आत ठेवायचा, कापड त्याच्याभोवती गोळा करायचं आणि त्या मानेला दोरीचा वेढा आवळायचा. टोकदार खडा घेऊ नये, तो आतून कापड कापतो. वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे मी कड्या शाबूत असतानाही असेच बांधतो, कारण ओढ एका भोकावर न येता कापडाच्या सगळ्या चुण्यांवर वाटली जाते.