पडदा सगळ्यात शेवटी: बोटीसाठी चार्टप्लॉटर निवडताना आलेला अनुभव

बोट अठ्ठावीस फुटी, फायबरची, मागे बाहेर लावलेलं एक इंजिन (आउटबोर्ड). फेऱ्या गेटवे, मांडवा, खांदेरी. तिच्यावर नऊ इंची चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारा पडदा), साउंडर (खोली मोजणारा), व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ) आणि एआयएस (आपलं स्थान इतर जहाजांना कळवणारं यंत्र) बसवायचं होतं, रडार पुढे कधीतरी. समोर नावं होती गार्मिन, रेमरीन, सिमराड आणि फुरुनो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चौघांचेही पडदे झकास दिसतात, त्यामुळे मी उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी नकाशा, मग ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा साउंडरचा भाग), मग वायरिंग, आणि पडदा शेवटी.

नकाशासाठी माझी कसोटी सोपी होती. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू दिसतो का? मांडव्याच्या जेट्टीची लाटरोधक भिंत दिसते का? प्रॉन्ग्सच्या खडकाभोवती आणि खांदेरीच्या आसपास खोलीचे आकडे किती दाट आहेत? सेतूच नसेल तर ते नकाशाचं कार्ड जुनं, दुकानदार काहीही म्हणो. झूम करत गेल्यावर अक्षरं मोठी होतात पण नवे आकडे येत नाहीत, तेव्हा मूळ सर्व्हेच तेवढा आहे असं समजायचं. नॅव्हिऑनिक्स ही नकाशांची कंपनी २०१७ पासून गार्मिनच्या मालकीचं असलं तरी रेमरीनवर त्याचं कार्ड चालतं. सिमराड आणि लॉरन्स एकाच घरातले, त्यांच्याकडे सी-मॅपचे नकाशे. परदेशातून स्वस्तात आणलेल्या सेटमध्ये बहुधा तिकडचाच नकाशा भरलेला असतो, भारताचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं. तो खर्च धरल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही. आणि डोलाचे (कोळ्यांच्या मोठ्या जाळ्यांचे) खुंट कुठल्याच नकाशात नसतात. ते तांडेलाला, म्हणजे बोटीच्या नाखव्याला, विचारून स्वतःच नकाशावर खुणा (वेपॉइंट) टाकायचे.

खरा घोळ ट्रान्सड्यूसरचा. मुंबईच्या बंदरात तळाला पातळ गाळाचा थर असतो. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी त्या थराच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परततो, ५० चा थोडा आत शिरून खालच्या घट्ट चिखलावरून येतो. म्हणून एकाच जागी दोन आकडे दिसतात आणि साउंडर बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो. बोट रुतू नये म्हणून मी उथळ आकडाच धरतो. ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झने काढलेली तळाची चित्रं शांत पाण्यात सुरेख येतात, पण फेसाळ, गढूळ पाण्यात लवकर विरतात. जाहिरातीतल्या त्या चित्रांसाठी जास्तीचे पैसे मोजले नाहीत.

भोक न पाडता आतून बसवायचा ट्रान्सड्यूसर सलग फायबरमधून चालतो. मध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड असेल तर सिग्नल मरतो. बसवण्याआधी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवून पिशवी बोटीच्या आतून तळाला दाबली आणि तो बाहेर पाण्यात धरून आलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. आतून आकडा वारंवार तुटत होता, म्हणून शेवटी बाहेर, बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर (ट्रान्सम) लावला. इंजिनाचा पंखा उजव्या फिरकीचा असेल तर ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला, पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर लांब, आणि तळाच्या कुठल्याही पट्टीच्या मागे नाही. पट्टीमागून बुडबुडे येतात आणि वेग धरला की खोली गायब होते. त्याच्यावर रंग मारायचा तर शेवाळ-शिंपले रोखणारा, पाण्यावर आधारित रंगच (अँटिफाउलिंग). सॉल्व्हंटचा रंग प्लास्टिक खातो. शिवाय प्रत्येक ब्रँडचा प्लग वेगळा. ब्रँड बदलला की अ‍ॅडॉप्टर नाहीतर नवा ट्रान्सड्यूसर.

इथे एक नियम हाती लागला. पडदा, साउंडर आणि रडार एकाच घरचं हवं, कारण रडारची भाषा प्रत्येकाची खाजगी असते. व्हीएचएफ आणि एआयएस मात्र कुणाचंही चालतं, कारण ते एनएमईए २००० या सगळ्या ब्रँडांच्या सामायिक जाळ्यावर बोलतात. गार्मिन आणि सिमराडचा जोड नेहमीचा गोल असतो. रेमरीनच्या स्वतःच्या जाळ्याचा वेगळा, त्याला बदलाची केबल लागते. त्याच ब्रँडच्या स्वस्त मालिकेत कधी रडारचं पोर्ट नसतं, कधी एनएमईए २००० च नसतं. म्हणून आधी सेटची पाठ पाहावी.

एनएमईएच्या मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोध), फांदीची केबल ६ मीटरच्या आत, वीज वेगळ्या ३ अ‍ॅम्पिअर फ्यूजमधून. वीज बंद करून दोन्ही डेटा तारांमध्ये मीटर लावला की ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर सुटलाय, ४० आले तर कुणीतरी तिसरा लावलाय. डेटा मध्येमध्ये तुटत असेल तर हे आधी तपासावं, सेट उघडू नये.

व्हीएचएफ २५ वॉटवर बोलताना सहा-एक अ‍ॅम्पिअर ओढतो. बॅटरीपासून सहा मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन बारा. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ०.८७ व्होल्ट गळतात, चारच्या वायरवर ०.३३. मी चारची, कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरली. साधं तांबं आपल्या खाऱ्या हवेत क्रिम्पजवळ हिरवं पडतं. स्टार्टर फिरताना प्लॉटर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर दोष ब्रँडचा नाही, बॅटरी वेगळी हवी.

एआयएसचा साधा वर्ग ब (छोट्या बोटींसाठीचा), २ वॉटचा, दर ३० सेकंदांनी स्थान कळवतो. २० नॉटला तेवढ्यात बोट तीनशे मीटर पुढे जाते. न्हावा शेवाच्या जहाजांच्या वाटेत ते मला पटलं नाही. ५ वॉटचा, एसओटीडीएमए प्रकारचा वर्ग ब याच वेगाला १५ सेकंदांनी सांगतो, तोच घेतला. रेडिओच्या परवान्याचं काम दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडे (केंद्राच्या दूरसंचार खात्याची शाखा). भारतीय एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओ-क्रमांक, ४१९ ने सुरू होतो आणि बऱ्याच सेटमध्ये तो एकदाच भरता येतो. नंबर हातात येईपर्यंत काही भरू नये.

मग पडदा. भर दुपारी उघड्यावर, पोलराइज्ड गॉगल घालून बघितला. काही पडदे आडवे स्वच्छ दिसतात, पण मान तिरकी केली की काळे पडतात. पावसाचे थेंब टचवर बोटासारखे वागतात, म्हणून उघड्या बोटीवर बटणंही असलेला सेट घ्यावा. रेमरीनच्या अ‍ॅक्सिअम प्रोला ती आहेत. माझ्या बोटीवर छप्पर आहे, त्यामुळे टच चाललं, आणि नकाशाच्या कसोटीवर गार्मिन घेतला. मासेमारीच्या मोठ्या बोटीसाठी निवडायचं असतं तर फुरुनोकडे वळलो असतो.

पहिल्या चाचणीत खोलीचा ऑफसेट, म्हणजे आकड्यात मिळवायचा फरक, लावला. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ४० सेंटिमीटर, म्हणून +०.४. उधाणाला मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यामुळे नकाशातला आकडा आणि साउंडरचा आकडा जुळत नाही म्हणून कुणी घाबरू नये. साउंडरच्या आकड्यातून त्या वेळची भरती वजा करून मग जुळवावा, तोही ओहोटीच्या पाण्यात, मांडव्याच्या चॅनेलबाहेर.