शिकाऊ न्हाव्याची परीक्षा आणि श्रावणातले डोके

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली सलूनमध्ये काम शिकणाऱ्याला अखेरीस प्रात्यक्षिक परीक्षेला उभे राहावे लागते, आणि यंदा आमची ही परीक्षा ऐन श्रावणात आली आहे. गोव्यातील अनेक हिंदू घरांत श्रावणभर केसांना आणि दाढीला हात न लावण्याची रीत अजून पाळली जाते. त्यामुळे आषाढ संपता संपता खुर्चीसाठी खोळंबणारी गिऱ्हाइके पुढे महिनाभर दिसत नाहीत आणि चवथीच्या तोंडावर सगळी एकदम येतात. आमच्या परीक्षेला मॉडेल, म्हणजे ज्याचे केस-दाढी करून दाखवायची तो माणूस, उमेदवारानेच न्यायचा असल्यामुळे माझ्या तयारीची सुरुवात कात्रीपासून न होता योग्य डोके शोधण्यापासून झाली.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणून मॉडेलला निदान दीड-दोन महिने आधी सांगून ठेवावे लागते. त्यातही टाळूवर दोन भोवरे असलेले डोके मी टाळले, कारण भोवऱ्यापाशी केस जरा जास्त आखूड झाले की ते उभे राहतात आणि तेल-पाणी लावूनही बसत नाहीत. म्हापशातील आमच्या दुकानात येणाऱ्या ख्रिस्ती मित्रांना श्रावणाची अडचण नव्हती. पण त्यांतील दोघे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला, म्हणजे रोज गुळगुळीत दाढी करणे त्यांना भाग, आणि वस्तऱ्याची परीक्षा द्यायची तर गालावर दोन-तीन दिवसांचे खुंट हवेत. शेवटी सुतारकाम करणारा एक मित्र तयार झाला. त्याचे केस सरळ आणि दाट असून दाढी भरगच्च आहे, मात्र मानेवरचे केस एका बाजूला तिरपे वाढतात, हे त्याला खुर्चीत बसवून बोटे फिरवल्यावरच कळले.

फेडसाठी, म्हणजे खालून वर केस हळूहळू लांब होत जातात अशा कापासाठी, मशीनच्या गार्डांची, म्हणजे केसांची लांबी ठरवणाऱ्या कंगव्यांची, मापे तोंडपाठ असावी लागतात: एक नंबरचा 3 मिलिमीटर, दोनचा 6, तीनचा सुमारे 10 आणि चारचा 13. मापे पाठ होतात, पण एका मापातून दुसऱ्यात जाताना राहणारी रेघ पुसणे हाच खरा कस आहे. ती घालवताना मशीन डोक्याला चिकटवून वर न नेता, कवटीचा बाक सुरू होतो तिथे मनगट बाहेर वळवून उचलावे लागते, आणि मशीनच्या बाजूची खिट्टी किंचित उघड-मीट करत मधल्या लांबी साधाव्या लागतात. पावसाळ्यात एक अडचण वाढते. बाहेरून आलेल्या माणसाचे केस दमट असतात, ते मशीनखाली चिकटून बसतात आणि रेघ गेली असे वाटते. वाळल्यावर ती पुन्हा दिसते. म्हणून मशीन लावण्याआधी केस पूर्ण वाळवण्याची शिस्त मी लावून घेतली आहे. कात्रीचे काम याच्या उलट ओल्या केसांवर होते. मात्र ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर आखडतो, म्हणून कपाळावरची लांबी थोडी राखूनच कापावी.

वस्तऱ्याच्या सरावासाठी श्रावणात गाल मिळेनात, तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, जुना उपाय सांगितला: फुगा फुगवून त्यावर फेस लावायचा आणि वस्तरा फिरवायचा. पाते साधारण 30 अंशांवर ठेवून हलक्या हाताने ओढले तर फेस अलगद निघतो. कोन वाढला किंवा दाब पडला की फुगा फुटतो आणि सगळा फेस आपल्याच तोंडावर उडतो. अर्थात फुग्याला केस नसतात, त्यामुळे हा सराव दाब शिकवतो, केसांची दिशा आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणणे शिकवत नाही.

सर्वांत अवघड वाटली ती दुकानातली घाईची सवय मोडणे. दुकानात दाढी झाली की तुरटीचा तोच खडा गालोगाल फिरतो आणि गिऱ्हाइकालाही ते हवे असते. परीक्षेत मात्र तो चालणार नाही, आणि माझ्या मते दुकानातही चालू नये. तुरटीची पूड ओल्या कापसावर घेऊन लावता येते आणि कापूस टाकून देता येतो. नवे पाते परीक्षकांसमोरच पाकिटातून काढायचे, वापरलेले जाड झाकणाच्या डब्यात टाकायचे, आणि कंगवा जमिनीवर पडला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. तोंडी प्रश्नांत याची कारणे विचारतात. हेपेटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, म्हणून नुसते पुसणे पुरत नाही: आधी केस झाडायचे, मग साबणाने धुऊन कोरडे करायचे आणि त्यानंतरच 70 टक्के अल्कोहोल किंवा जंतुनाशक द्रावण वापरायचे. कात्रीच्या स्क्रूपाशी तेलाचा थेंबही हवा, कारण इथल्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद पाहता पाहता गंजते.

सुतारमित्राला आयत्या वेळी काम निघाले तर काय, हा प्रश्न उरतो. त्यासाठी कॉलेजातल्या एका कुरळ्या केसांच्या मुलाला राखीव ठेवले आहे. कुरळ्या केसांवर फेड जमवायला वेळ जास्त लागेल आणि त्याला दाढी जेमतेम आहे, म्हणजे वस्तऱ्याचे गुण त्याच्यावर फारसे मिळणार नाहीत. पण खुर्ची रिकामी ठेवून परीक्षकांसमोर उभे राहण्यापेक्षा ते परवडेल.