वजन तेच, लांबी वेगळी

क्रोसिडोलाइटचा, म्हणजे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा, नमुना हाती आला तेव्हा वाटलं होतं की लांब तंतू पेशींना जास्त मारतात की आखूड, एवढंच बघायचं: दळायचं, पेशींवर टाकायचं, मोजायचं. महिनाभराचं काम. प्रत्यक्षात सहा महिने लागले, आणि त्यातले चार नुसते तंतू आखूड करण्यातच गेले.

आधी कोरडंच दळलं. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे मनासारखे दिसत होते. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "एक्स-रे विवर्तन करून बघ." केलं, तर क्ष-किरणांच्या आलेखात स्फटिकरचना दाखवणारी शिखरं खचलेली. फार दळलं की तंतूबरोबर त्याची स्फटिकरचनाही मोडते. मग पेशी कमी मेल्या तर ते लांबीमुळे, की पदार्थच बदलल्यामुळे? तो नमुना बाद केला. पुढचं दळण पाण्यात, थोडं थोडं, दर वेळी तपासून. सगळं बंद हूडमध्ये आणि ओलंच. सांडलेला थेंब कधी सुकू दिला नाही.

लांब आणि आखूड तंतूंचे दोन्ही नमुने मॅक्रोफेजना, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशींना, सारख्याच वजनाने दिले. 20 मायक्रॉनच्या तंतूचे 2 मायक्रॉनचे तुकडे केले तर वजन तेच राहतं, संख्या दहापट होते. म्हणजे आखूड नमुन्यात पेशींवर कितीतरी जास्त तंतू पडत होते. तरी 24 तासांनी पेशींभोवतीच्या द्रवात एलडीएच हे पेशीच्या आतलं एन्झाइम जास्त गळलं ते लांब तंतूंच्या प्लेटमध्ये. हे एन्झाइम बाहेर दिसलं की पेशीचं आवरण फाटलंय असं समजायचं.

कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, आणि ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आखूड तुकडे गिळून मॅक्रोफेज गोल, स्वस्थ बसलेली. लांब तंतूवर मात्र एक पेशी पार ताणली गेली होती, तंतूची दोन्ही टोकं बाहेर, आणि एका टोकाला दुसरी पेशी येऊन चिकटलेली. घास मोठा, तोंड मिटत नाही. मग आत पचवण्यासाठीची एन्झाइमं आणि ऑक्सिजनची दाहक रूपं बाहेरच सांडतात. शेजारच्या ऊतीला इजा होते ती त्यानेच.

1981 मध्ये स्टँटन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की 8 मायक्रॉनहून लांब आणि पाव मायक्रॉनहून बारीक तंतूंचा कर्करोगाशी सर्वांत घट्ट संबंध लागतो. यातल्या "बारीक" या शब्दाकडे माझं आधी दुर्लक्षच झालं. दळताना लांबीबरोबर जाडीही बदलू शकते, कारण तंतूंच्या जुड्या उभ्याही चिरतात. म्हणून आता दोन्ही नमुन्यांतला एकेक तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतेय, लांबी आणि जाडी दोन्ही.