आत्याचं इंजेक्शन

आज आत्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. मधुमेहासाठी तिला आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आहे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, भूक शमवतं, जठर हळू रिकामं करतं. हे औषध त्याचंच काम करतं. म्हणून सुरुवातीला मळमळ, बद्धकोष्ठता होते आणि डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात. आत्याची साखर उतरलीय, फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी बजावलंय, पोटात जोराची कळ येऊन थांबत नसेल, पाठीत जात असेल, उलट्या होत असतील, तर घरी ओवा-सोडा घेत बसू नका, लगेच या. स्वादुपिंडाला सूज असू शकते. पुढे कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं तर हे इंजेक्शन चालू आहे हे भूलतज्ज्ञांनाही आधी सांगायचं, कारण जठर हळू रिकामं होतं.

घरी आले तर सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा, ‘लग्नाआधी बारीक व्हायचंय, हे इंजेक्शन कुठे मिळेल?’ अगं, असं परस्पर मागवू नकोस! मूल हवं असेल तर हे निदान २ महिने आधी बंद करावं लागतं. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार) झाला असेल तर देतच नाहीत. आधी तपासून घे. एकटीला जायचं नसेल तर मी येते सोबत.