अंगात कणकण असताना व्हिएन्ना

नोव्हेंबरातला रविवार, धरलेला घसा, अंगात कणकण आणि हातात व्हिएन्नाचा एकच दिवस. यातला सगळ्यात गैरसोयीचा भाग म्हणजे रविवार. ऑस्ट्रियात साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा सुपरमार्केटात किंवा ड्रगस्टोअरमध्ये मिळत नाही. तिथे शाम्पू, व्हिटॅमिन आणि फार तर घशाला चघळायच्या गोळ्या. औषध फक्त ‘अपोटेके’त, म्हणजे औषधांच्या दुकानात, आणि बहुतेक अपोटेके शनिवारी दुपारी बंद होतात ते थेट सोमवारी सकाळी उघडतात. म्हणून औषधावाचून राहायचं का? नाही. बंद अपोटेकेच्या दारावरच त्या दिवशी पाळीने उघड्या असलेल्या जवळच्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो, किंवा १४५५ ला फोन केला की सांगतात. अशा दुकानात कधीकधी खिडकीतूनच औषध देतात आणि अवेळीचे थोडे जादा पैसे लागतात. फार्मासिस्टला इंग्रजी येतं. तरी ‘फीबर’ म्हणजे ताप, ‘हुस्टेन’ म्हणजे खोकला आणि ‘हाल्सश्मेर्त्सेन’ म्हणजे घसादुखी, एवढे तीन शब्द खिशात असू द्यावेत.

इथे एक चूक सर्रास होते. सर्दीतापाची गरम पाण्यात ढवळून प्यायची पूड काउंटरवर समोरच असते, आणि तिच्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉलच असते. घरून आणलेली ६५० ची गोळी घेतली आणि वर ती पूड प्यायली की डोस दुप्पट. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, दोन डोसांत किमान चार तास हवेत. गोळी किंवा पूड, एकच काहीतरी निवडावं आणि वेळ फोनवर टिपून ठेवावी. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब वाढतो, म्हणून बीपी असेल तर आधी सांगावं.

आता भटकंती. रिंगश्ट्रासे हा जुन्या तटबंदीच्या जागी काढलेला ५.३ किलोमीटरचा रस्ता, १८६५ साली खुला झालेला. पायी चालायचा हट्ट नको, ट्राम आहे. पण कुठलीच नेहमीची ट्राम आख्खा फेरा मारत नाही, ही गोष्ट माहीत नसते आणि मग माणूस भलत्याच उपनगरात पोहोचतो. मी श्वेडेनप्लात्झला २ नंबर पकडून ‘ओपर’ला, म्हणजे ऑपेराला, उतरतो आणि तिथून १ नंबरने पुन्हा श्वेडेनप्लात्झ. दोन्हींत डावीकडची खिडकी धरायची: श्टाटपार्क, मग दोन जुळी संग्रहालयं, संसद, टाउन हॉल, विद्यापीठ, सगळं त्याच बाजूला. उजवीकडे ऑपेरा आणि राजवाडा, पण ते पायी पुन्हा भेटतात. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाआधी मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर ते तिकीट धरतच नाहीत. ओपरला ७१ नंबरही दिसते. ती मध्यवर्ती स्मशानाकडे जाते, आणि ‘त्याने ७१ पकडली’ म्हणजे तो वारला, असं व्हिएन्नाकर म्हणतात. ताप असताना तिच्यात चढायची घाई नको.

बर्गरिंगला उतरलं की कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, त्या जुळ्यांपैकी कलेचं संग्रहालय. कोट आणि पिशवी गार्डरोबला द्यावी. अंगावर ठेवली तर आतल्या हीटिंगने वीस मिनिटांत घाम फुटतो, आणि त्याच घामाने बाहेरच्या थंडीत गेलं की हुडहुडी भरते. जिना देखणा आहे, पण लिफ्टची चौकशी करा. सगळं पाहायच्या नादाला न लागता थेट चित्रकार ब्रॉयगेलच्या दालनात जावं, दालनात बसायला मऊ बाक आहेत. ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ चं चित्र बसूनच जास्त कळतं. तीन शिकारी पाठ वळवून, खांदे पाडून घराकडे निघालेत, कुत्र्यांच्याही माना खाली, आणि एकाच्या काठीला हाती लागलेला एकुलता एक कोल्हा. थकलेल्या माणसाने इतका वेळ पाहावं असं दुसरं चित्र मला तरी ठाऊक नाही.

जेवायला दहा मिनिटांवरचं काफे श्पेर्ल, १८८० पासूनचं. काफे सेंट्रलच्या बाहेर थंडीत रांगेत उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कॉफीबरोबर ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास येतो, एका मेलांजवर, म्हणजे फेसाळ दुधाच्या कॉफीवर, दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. घशासाठी ‘हाइसे त्सित्रोने’ मागवा, म्हणजे गरम पाण्यात लिंबाचा रस, साखर वेगळी. ‘फ्रिटाटेनझुपे’ पाहून घावनाच्या बारीक कातरलेल्या पट्ट्या रश्श्यात टाकल्यासारख्या वाटतात. चव सौम्य, पोटाला हलकं, पण रस्सा बीफचा असतो. शाकाहारी मंडळींनी ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नये, मांस न दिसणाऱ्या सूपलाही बीफचाच आधार असू शकतो. रस्सा कशाचा, हे विचारा.

श्टेफान्सडोम या कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या वगळल्या. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे. शोनब्रुनचा राजवाडाही वगळला, कारण आतल्या दालनांत बराच वेळ उभंच राहावं लागतं आणि मागे टेकडीवरच्या ग्लोरिएट मंडपाची चढण. ग्राबेन या रस्त्यावर मात्र पाच मिनिटं थांबावं. १६७९ च्या प्लेगनंतर बांधलेला स्तंभ तिथे आहे. सम्राट गुडघे टेकून प्रार्थना करतोय, आणि त्याच्याखाली सुरकुतलेल्या म्हातारीच्या रूपातला प्लेग मशालीने खाली लोटला जातोय.

हॉटेलच्या खोलीत किटली असेलच असं नाही, म्हणून थर्मास न्यावा, सकाळी नाश्त्याच्या वेळी भरून घ्यावा. नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं, १८७३ पासून येतंय, सरळ प्यावं.

ताप दोन दिवसांत उतरला नाही तर १४५० या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकाला फोन, दम लागला किंवा शुद्ध हरपली तर थेट १४४, म्हणजे रुग्णवाहिका. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या किमान ३०,००० युरोच्या विम्याचा मदत क्रमांक डॉक्टरकडे जाण्याआधी फिरवावा. खाजगी डॉक्टर पैसे आधी घेतात, मग ‘होनोरारनोटे’, म्हणजे बिल, देतात. त्यावर निदान लिहिलेलं आणि नाव पासपोर्टप्रमाणे असेल हे तिथेच पाहून घ्या, आणि औषधांच्या पावत्या त्याला लावून ठेवा.